स्टेज डोअरवर आलेला फोन

पद्माकर खांबेट्यांना लंडनच्या नाटकवाल्यांत पॅडी म्हणत आणि ईलिंगच्या मराठी मंडळात 'दुसरा हवालदार'. दोन्ही नावं त्यांनी हसत पत्करली होती. गोऱ्या जिभेला पद्माकर झेपत नाही, म्हणून पॅडी. दुसरा हवालदार हे मात्र त्यांच्या नाट्यकर्तृत्वाचं फळ. मंडळाच्या गणपतीत दर वर्षी नाटक व्हायचं, प्रत्येक नाटकात पद्माकरराव असायचेच, आणि दर वेळी वाट्याला यायचा तो पोस्टमन, लग्नातला भटजी, शेजारचे काका, नाहीतर दुसरा हवालदार. पहिला हवालदारसुद्धा कधी मिळाला नाही. पहिल्या हवालदाराला वाक्यं असतात.

पण वेड म्हणाल तर ते मुख्य नटापेक्षा जास्त. तालमीला सगळ्यांच्या आधी हजर, पडदा ओढायला हजर, दाढीमिशा चिकटवायला हजर. बायको अरुणाबाई म्हणायच्या, "ह्यांचं लग्न माझ्याशी झालं तेव्हा मंगलाष्टकं संपल्यावर हे टाळ्यांची वाट बघत होते." हे खोटं असावं, पण ऐकणाऱ्याला खरं वाटायचं.

हे वेड घरातच होतं. पद्माकररावांचे वडील मिरजेचे. एका फिरत्या नाटक कंपनीत ते प्रॉम्प्टर होते. विंगेत बसायचं, दुसऱ्यांना त्यांची वाक्यं आठवून द्यायची आणि आपण कुणाला दिसायचं नाही, असा तो धंदा. कंपनी मोडली, वडील एका पेढीवर कारकून झाले, पण रात्री जेवणं झाली की त्यांच्या गोष्टी निघत, आणि त्यातली एक तर पद्माकरने इतक्यांदा ऐकली होती की ती त्याला आपण पाहिलेलीच वाटू लागली होती.

ती गोष्ट अशी. नाटक सुरू व्हायच्या आधी कंपनीच्या मुख्य नटाच्या नावाने तार आली. नटाचा मुलगा गेला होता. मालकांनी तार वाचली, घडी करून कोटाच्या खिशात घातली आणि तिसरी घंटा द्यायला सांगितली. त्या दिवशी नट असा काही गायला की वन्समोअरवर वन्समोअर. पडदा पडल्यावर मालकांनी तार त्याच्या हातात ठेवली. नटाने ती वाचली, तोंडावरच्या रंगासकट मालकांच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "उपकार झाले. माझं नाटक राखलंत." इथे वडील दर वेळी डोळे पुसायचे, आणि पोरगाही. त्या मुलाच्या आईने ते दिवस कसे काढले, हे विचारायचं त्या घरात कुणाला सुचलं नाही.

पद्माकरराव लंडनला आले ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. कुठल्याशा एक्स्पोर्ट कंपनीत कारकुनी मिळेल असं सांगितलं होतं, ती मिळाली नाही. मग बसवर कंडक्टर झाले, पुढे ड्रायव्हर. अक्सब्रिज रोडवरून ईलिंग, हॅनवेल, साउथॉल आणि परत, यातच उमर गेली. अरुणाबाई एका हॉस्पिटलात वॉर्ड क्लार्क होत्या. एक मुलगी झाली, वैभवी. ती शिकली, वॉटफर्डला राहायला गेली, आणि फोनवर "बाबा, तुझी गुडघा कशी आहे?" असं विचारू लागली. गुडघा स्त्रीलिंगी झाल्याने दुखायचा काही कमी झाला नाही.

पद्माकररावांच्या स्वतःच्या आयुष्यातही एक तार आली होती. मंडळाचा गणपती होता, ईलिंगच्या एका चर्चच्या हॉलमध्ये नाटक चालू होतं, आणि दुसऱ्या हवालदाराची आई मिरजेत वारली. तार घरी आली, शेजाऱ्याने ती हॉलवर पोचवली, आणि ती पडली मंडळाचा सेक्रेटरी नंदू याच्या हातात. नंदूने ती दाबून ठेवली. पडदा पडल्यावर दिली. पुढे कितीतरी महिने लोक पद्माकररावांची पाठ थोपटत होते, की काय हो तुमचं धैर्य. मुळात त्यांना काही ठाऊकच नव्हतं, तर धैर्य कसलं? पण पाठ थोपटून घ्यायला कुणाला नको असतं! त्यांनी नंदूचे आभार मानले. डोळ्यांत पाणी आणून मानले, अगदी वडिलांच्या गोष्टीतल्या नटासारखे.

निवृत्त झाल्यावर इथले लोक कौन्सिलकडून, म्हणजे नगरपालिकेकडून, भाड्याने वाफे घेतात आणि भोपळे लावतात. पद्माकररावांनी नोकरी धरली. वेस्ट एन्डमधल्या, म्हणजे लंडनच्या नाटकवस्तीतल्या, एका जुन्या थिएटरला स्टेज डोअरवर माणूस हवा होता. स्टेज डोअर म्हणजे नटांचं मागचं दार. तिथे काच लावलेली एक लहानशी खोली असते, खोलीत एक माणूस असतो, आणि त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय कुणी आत जात नाही. किल्ल्या त्याच्याकडे, टपाल त्याच्याकडे, फुलांचे गुच्छ त्याच्याकडे, आणि बाहेरून येणारा फोनही त्याच्याकडेच. भिंतीवर एक छोटा स्पीकर होता, त्यातून स्टेजवरचा शब्दन् शब्द ऐकू येई. पद्माकररावांना आणखी काय पाहिजे होतं? पगार बेताचा होता, पण त्यांनी तो घरी नीट सांगितलासुद्धा नाही. "अरुणा, नाटक रोज," एवढंच म्हणाले.

दोन हजार चारच्या शरद ऋतूत त्या थिएटरला रॉय हॅलोरन आला.

तो अमेरिकन. त्याचं नाव ठाऊक नाही असा माणूस नाटकवाल्यांत सापडला नसता, आणि पिक्चर बघणाऱ्यांतही फारसा नाही. ओहायोतल्या एका पोलादाच्या गावात जन्मलेला. बाप भट्टीवर कामाला, आई चर्चची जमीन पुसायची. न्यूयॉर्कला पळून गेला, बरीच वर्षं हॉटेलांत भांडी विसळली, आणि ज्या वयात लोक अशी स्वप्नं सोडून देतात त्या वयात त्याला ब्रॉडवेवर पहिलं मोठं काम मिळालं. तिथून मग मागे वळून पाहिलं नाही. सिनेमात गेला. एका पिक्चरमध्ये तो म्हातारा रेल्वे गार्ड होता, सबंध पिक्चरमध्ये जेमतेम तीन वाक्यं, आणि त्या तीन वाक्यांवर त्याला त्या वर्षीचं सगळ्यांत मोठं बक्षीस मिळालं. तीन वाक्यांत बक्षीस मिळू शकतं, ही बातमी पद्माकररावांना त्या वेळी फार दिलासा देऊन गेली होती.

पण पद्माकररावांनी स्वतःला त्याच्या पायी वाहिलं होतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. हॅलोरनबद्दल जिथे जिथे छापून येई तिथे एक हकीकत हमखास असे. ब्रॉडवेवरच्या त्या पहिल्या मोठ्या नाटकाच्या दिवसांत गावाकडे त्याची आई वारली, आणि हॅलोरनने एकही खेळ चुकवला नाही. त्यानंतर आजतागायत त्याने एकही खेळ चुकवला नव्हता. ताप असो, पाय मोडलेला असो, बायको सोडून गेलेली असो, पडदा वर गेला की हॅलोरन उभा. पद्माकररावांनी हे वाचलं तेव्हा पेपर खाली ठेवून अरुणाबाईंना म्हणाले, "बघ, हे तिकडेही असतं." अरुणाबाई पोळ्या लाटत होत्या, त्यांनी बघितलं नाही.

प्रत्यक्षात हॅलोरन उंच, किंचित वाकलेला आणि कमी बोलणारा निघाला. सत्तरी ओलांडलेली. खेळाच्या बऱ्याच आधी यायचा, आणि वर आपल्या ड्रेसिंग रूममध्ये न जाता काचेच्या खोलीत पद्माकररावांच्या शेजारी स्टुलावर बसायचा. खोलीत किटली होती. चहा आल्याचा असे. पॅडी हे नाव ऐकून तो पहिल्या दिवशी मोठ्याने हसला, कारण त्याचे आजे-पणजे आयर्लंडचे. "इथे खरा पॅडी मी आहे," म्हणाला.

"मग मी दुसरा," पद्माकरराव म्हणाले. दुसरेपणाची त्यांना सवय होती.

मोबाइल त्याने घेतलाच नव्हता. ज्याला बोलायचं असेल तो स्टेज डोअरवर फोन करेल, म्हणायचा, आणि खेळाआधी कुणाचाही असला तरी मला देऊ नकोस. घरच्यांबद्दल तो बोलत नसे. पद्माकररावांनी त्याला गणपतीतली नाटकं सांगितली, दुसरा हवालदार सांगितला, वडिलांची तारेची गोष्टही सांगितली. ती ऐकून हॅलोरन बराच वेळ कपात बघत राहिला. पद्माकररावांना वाटलं, गोष्ट काळजाला भिडली. भिडलीच होती, पण त्यांना वाटलं तशी नाही.

शनिवारी दुपारचा खेळ होता. थिएटर भरलेलं. नट खाली यायला लागले होते, स्पीकरवरून नटांना स्टेजवर यायची शेवटची हाक झाली होती, आणि फोन वाजला.

बाई अमेरिकन होती. "ओहायोहून बोलतेय, हॉस्पिटलमधून. मिस्टर हॅलोरन तिथेच आहेत ना? त्यांच्या भावाला त्यांच्याशी बोलायचंय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "फोन आत्ताच देता आला तर बरं. मी तुमच्या जागी असते तर थांबले नसते."

पद्माकरराव काही बोलायच्या आत रिसीव्हर दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेला. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग एक म्हातारा, खरखरीत आवाज. "रॉय आहे का तिथे?" पुन्हा श्वास. "डेल बोलतोय म्हणून सांगा."

त्याच वेळी जिन्यावरून हॅलोरन उतरत होता. नाटकातल्या शाळामास्तराचा झिजलेला कोट, हातात पाण्याचा ग्लास. रोज खाली येताना तो काचेतून पद्माकररावांकडे बघून एक बोट उचलायचा. आजही त्याने उचललं. आणि पद्माकररावांनी, रिसीव्हर कानाला तसाच लावून, दुसऱ्या हाताचं बोट उचललं. हॅलोरन ग्लास कठड्यावर ठेवून स्टेजकडे गेला.

"सर," पद्माकरराव फोनवर म्हणाले, "पडदा वर जायची वेळ झालीय. ते स्टेजवर निघालेत. नाटक संपल्याबरोबर मी त्यांना फोनवर आणतो. माझा शब्द आहे."

पुन्हा श्वास ऐकू आला.

"नाटक आहे होय," आवाज म्हणाला. मग, "असू दे. जाऊ दे त्याला. जाऊ दे."

फोन बंद झाला.

खरं सांगायचं तर, आणि सांगताना संकोच वाटतो, रिसीव्हर ठेवला तेव्हा पद्माकररावांचा ऊर भरून आला होता. आयुष्यभर हवालदार, पोस्टमन आणि भटजी केलेल्या माणसाच्या वाट्याला आज अचानक मोठी भूमिका आली होती. ते कंपनीचे मालक होते आणि तार त्यांच्या खिशात होती. असा फोन आला तर कंपनी मॅनेजरला कळवायचं, असा तिथला साधा नियम. त्यांनी कळवलं नाही. कळवलं असतं तर त्या मॅनेजर बाईने नाटक थांबवून हॅलोरनला बोलावलं असतं, आणि पद्माकररावांच्या मते तो हॅलोरनचा अपमान झाला असता. डोळे मिटून त्यांनी हात जोडले. स्पीकरमधून टाळ्या आल्या, मग हॅलोरनचा आवाज.

तो आवाज त्या दिवशी पद्माकररावांना नीट ऐकूच येईना. मध्येच तो दुसरा, खरखरीत आवाज यायचा. रॉय आहे का तिथे. चहा केला, तो तसाच राहिला. भाऊ आजारी आहे, हे तर उघडच होतं. पण म्हातारी माणसं आजारी पडतात, बरीही होतात, नर्सबायका घाबरवतात. नाटक संपेल, हॅलोरन फोन करेल, दोघे भाऊ बोलतील, आणि मग हॅलोरन खाली येऊन म्हणेल, पॅडी, माझं नाटक राखलंस. असं त्यांनी स्वतःला समजावलं. ते पटेना. शेवटी इंटर्व्हल झाला तेव्हा त्यांनी घरी फोन लावला.

अरुणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज चढलेला होता.

"अहो, ती नर्स थांबू नका म्हणाली ना? आमच्या वॉर्डमधून असा फोन कधी करतात, माहितीये का तुम्हाला? फॅमिलीला असं सांगतात तेव्हा संपत आलेलं असतं सगळं."

"पण खेळ चालू आहे, अरुणा. त्या माणसाने जन्मात खेळ चुकवला नाहीये. आईसाठीसुद्धा नाही. आणि नंदूने माझी तार..."

"त्या तारेचं कौतुक पुरे झालं! तार आली तेव्हा सासूबाई गेलेल्या होत्या. एक तास आधी कळलं काय, नंतर कळलं काय, त्या काही बोलणार नव्हत्या. हा माणूस बोलतोय. त्याने स्वतः मागितलंय भावाला. जा, आत्ताच्या आत्ता सांगा त्यांना. दुसरा नट असतो ना ठेवलेला? तो करेल पुढचं."

पद्माकररावांनी रिसीव्हर ठेवला. ते उठले. काचेची खोली उघडी टाकून जिना चढले, गुडघ्याकडे न बघता चढले, आणि हॅलोरनच्या दारापाशी जाऊन उभे राहिले. दार लोटलेलं होतं. आतून पुटपुटणं ऐकू येत होतं. दुसऱ्या भागातली वाक्यं हॅलोरन हलक्या आवाजात म्हणून बघत होता, एकेक वाक्य दोनदा, परीक्षेच्या आधी मुलं म्हणतात तसं. एवढा मोठा नट आणि अजून वाक्यांना भिणारा.

त्यांनी ठोठावायला हात वर केला. तो हात तिथेच राहिला. अर्धं तर झालंच आहे, त्यांच्या मनात आलं. एवढं थिएटर भरलेलं. आता उरलंय ते किती? एवढं होऊ दे.

माणूस मोठ्या चुका करतो त्या अशाच, एवढं होऊ दे म्हणून. पद्माकरराव जिना उतरले.

नाटक संपलं. टाळ्या थांबेनात. हॅलोरन स्टेजवरून आला तेव्हा पद्माकरराव जिन्याच्या पायथ्याशी उभे होते.

"मिस्टर हॅलोरन, ओहायोहून फोन आला होता."

"कुणाचा?"

"तुमच्या भावाचा. डेलचा."

हॅलोरनने कठडा धरला. घामाने त्याच्या कपाळावरचा रंग ओघळला होता. "डेलचा? डेलने स्वतः फोन केला? तो बोलला?"

"हो."

"माझ्याशी तो आईला पुरलं त्या दिवसापासून बोललेला नाही." पद्माकररावांना हे ठाऊक नव्हतं. कुठल्याच पेपरात ते छापलेलं नव्हतं. हॅलोरन म्हणाला, "केव्हा आला होता?"

"पडदा वर जायच्या आधी."

हॅलोरनने काचेच्या खोलीकडे पाहिलं. "मी समोरून गेलो तेव्हा तू फोनवर होतास."

"हो."

"तो होता?"

"हो."

हॅलोरन काचेच्या खोलीत आला आणि त्याने फोनकडे बोट दाखवलं. पद्माकररावांनी त्याच्याकडून गावाचं नाव घेऊन, टेलिफोनवर चौकशी करून त्या हॉस्पिटलचा नंबर मिळवला आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला. हॅलोरन दोनदा हो म्हणाला. एकदा केव्हा असं विचारलं. मग रिसीव्हर त्याने स्वतःच जागेवर ठेवला, फार जपून ठेवला.

डेल गेला होता. दुसरा भाग सुरू झाल्यावर गेला.

म्हणजे इंटर्व्हलमध्ये तो जिवंत होता. इंटर्व्हलमध्ये आपण दारापर्यंत गेलो होतो, हे पद्माकररावांनी सांगितलं नसतं तर हॅलोरनला कधीच कळलं नसतं. एवढं एक करावंच लागेल, असं त्यांना वाटलं, आणि ते बोलले. "मी मध्ये तुमच्या दारापर्यंत आलो होतो. सांगायला. ठोठावलं नाही. तुम्ही वाक्यं म्हणत होतात."

"वाक्यं म्हणत होतो!" हॅलोरन ओरडला. बाहेरून जाणारी एक नटी दचकून थांबली आणि निघून गेली. "तुला कुणी सांगितलं होतं हे? कुणी सांगितलं होतं माझं नाटक सांभाळायला?"

खेळाआधी फोन नको हे त्यानेच सांगितलं होतं. पद्माकररावांना ते आठवलं, पण त्यांनी ते पुढे केलं नाही. "मला वाटलं, तुम्हाला हेच हवं असेल," ते म्हणाले. "तुमच्या आईच्या वेळी तुम्ही खेळ सोडला नाहीत. मी वाचलं होतं. मी ते फार मोठं मानत आलो."

हॅलोरन स्टुलावर बसला. राग जसा आला तसा उतरला, आणि मागे एक थकलेला म्हातारा राहिला.

"ते मोठं नव्हतं, पॅडी. डेल रोज फोन करत होता, की ये, ती तुझं नाव घेतेय. मी म्हणायचो, रविवारी येतो. ती शनिवारी गेली. पेपरवाल्यांनी ते छापलं आणि मी छापू दिलं. खरं कारण सांगू? मला भीती वाटत होती. मी गेलो तर माझ्या जागी दुसरा उभा राहील, आणि तो माझ्याहून चांगला करेल. बस, एवढंच होतं. डेलला ते कळलं होतं. तो मला नीट ओळखून होता."

पद्माकररावांना वडील आठवले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा राग आला. वडिलांचा, मालकांचा, पायाशी बसलेल्या त्या नटाचा, नंदूचा. आणि स्वतःचा सगळ्यांत जास्त, कारण बाकीच्यांनी मेलेल्या माणसाची बातमी अडवली होती आणि यांनी जिवंत माणूस अडवला होता. त्यांना रडू येत होतं. रडायचा हक्क आपला नाही, म्हणून ते गिळत होते.

कंपनी मॅनेजर बाई आली. संध्याकाळच्या खेळाचं तिने विचारलं. "मी करणार नाही," हॅलोरन म्हणाला. तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्याने पुन्हा सांगितलं, आणि ती बदली नटाला निरोप द्यायला धावली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हॅलोरनचा खेळ चुकणार होता. त्याने दार लोटून घेतलं.

"काय म्हणाला तो?" त्याने विचारलं. "शब्दन् शब्द सांग."

पद्माकररावांनी सांगितलं. रॉय आहे का तिथे. डेल बोलतोय म्हणून सांगा. मग मी असं असं म्हणालो. मग ते म्हणाले, नाटक आहे होय. असू दे, जाऊ दे त्याला.

"असं नाही," हॅलोरन म्हणाला. "हा तुझा आवाज. तो जसा म्हणाला तसं म्हण. मी त्याचा आवाज विसरलोय."

"मला नाही जमायचं."

"तू नट आहेस."

"मी दुसरा हवालदार आहे, मिस्टर हॅलोरन."

"तो आवाज ऐकलेला या देशात तू एकटा आहेस. म्हण."

पद्माकररावांना ते अघोरी वाटलं. तासाभरापूर्वी गेलेला माणूस, त्याची नक्कल करायची? पण त्याचे शब्द दुसऱ्या कुणाकडे नव्हते, आणि ज्याचे होते तो समोर बसून मागत होता. नाही म्हणायचं कुठल्या तोंडाने? त्यांनी डोळे मिटले. रिसीव्हरमधला तो श्वास आठवला, आधी श्वास, मग खरखर, मग प्रत्येक शब्दाआधी थोडं थांबणं. छाती आत ओढून त्यांनी तो श्वास घेतला.

"रॉय आहे का तिथे?"

हॅलोरनच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. तो उठून उभा राहिला.

"डेल बोलतोय म्हणून सांगा."

आयुष्यभर ज्याला पाच वाक्यं सलग मिळाली नाहीत, तो माणूस त्या काचेच्या खोलीत डेल हॅलोरन झाला होता. कसा झाला ते त्यालाही कळलं नाही. आवाज त्याचा नव्हता, श्वास त्याचा नव्हता. "नाटक आहे होय," तो म्हणाला, आणि त्यात राग नव्हता. आश्चर्यही नव्हतं, कारण भाऊ स्टेजवर असणार हे डेलला आधीपासून माहीत असावं. "असू दे. जाऊ दे त्याला. जाऊ दे."

"मी कुठे गेलो नाही, डेल," हॅलोरन म्हणाला. "मी इथेच आहे. बोल."

त्याने डोळे मिटले होते. एक हात टेबलावर टेकलेला. तो वाट बघत होता.

एकच वाक्य पुरलं असतं. राग नाही रे माझा, एवढं त्या आवाजात म्हटलं असतं तरी त्या म्हाताऱ्याचे उरलेले दिवस निघाले असते. त्याला ते खोटं आहे हे कळलं असतं, आणि तरीही त्याने ते घेतलं असतं. पद्माकररावांच्या ओठांवर ते आलं होतं. दुसऱ्याला वाक्यं आठवून देणाऱ्याचाच तो मुलगा. पण हे आठवलेलं नव्हतं. डेल कदाचित तेच म्हणणार होता. कदाचित शिव्या देणार होता. ज्याला आपण बोलू दिलं नाही, त्याच्या तोंडी आता आपलं वाक्य घालायचं?

"बोल ना," हॅलोरन पुन्हा म्हणाला, अगदी हळू, लहान भावाशी बोलावं तसं.

पद्माकररावांनी डोळे उघडले.

"एवढंच," ते आपल्या आवाजात म्हणाले. "याच्यापुढे मी त्यांना बोलू दिलं नाही."